‘बाय, डायनामो गेलो’: जुन्या सॅन स्टॉर्मचे पाच आठवडे

८ जून २०२५ च्या रविवारी रात्री माझ्या जुन्या सॅन स्टॉर्म मोटारीतून पणजीहून फोंड्याला परतत होते. पाऊस नावालाच होता. जुने गोवे मागे पडल्यावर वायपर चालू केला आणि मीटरवरचे दिवे किंचित मलूल झाले. मग लक्षात आले, इंडिकेटर दिला की हेडलाइटही त्याच्या ठेक्यावर मिचमिच करताहेत. घरी नीट पोचले, पण सकाळी सेल्फ दोनदा कण्हला आणि तिसऱ्यांदा कसेबसे इंजिन फिरले.

बॅटरी चार वर्षांची होती. मी आणि फाटकाशी जमलेल्या दोन शेजाऱ्यांनी एकमताने निदान केले: बॅटरी. १० जूनला ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरी घेतली, जुनी देऊन वर ४,७०० रुपये. गाडी एका चावीत सुरू झाली. ते ४,७०० रुपये अजून डाचतात, कारण जुन्या बॅटरीला काहीही झालेले नव्हते. दुकानात ती नुसती चार्ज करून तपासा म्हणाले असते तरी पुरे होते.

गाडीबद्दल थोडे सांगते. सॅन स्टॉर्म, २००० सालची, मी २०१६ मध्ये दुसऱ्या हाताने घेतली. दोन सीट, वर कापडी हूड, फायबरची बॉडी, आत रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन. हिला स्पोर्ट्स कार म्हणावे की नाही यावर आमच्या घरात दोन तट आहेत. सासूबाईंचे मत पहिल्या दिवसापासून ठाम आहे: “दोनच सीटा! आमच्यापैकी कुणाला न्यायचे नाही म्हणूनच घेतली ना?”

त्या वर्षी आणखी एक गाठ होती. गाडीची नोंदणी १९ जुलैला संपत होती. खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षे आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी आरटीओत गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे मला मे संपायच्या आत मोकळे होता आले असते. पाऊस जरा ओसरला की बघू, असे म्हणत मी बसले. गोव्यात जूनमध्ये पाऊस ओसरायची वाट बघणाऱ्या बाईला काय म्हणावे!

१५ जून, पुन्हा रविवार. पणजीत एका लग्नाच्या रिसेप्शनला एकटीच गेले होते. येताना बाणस्तारीचा पूल ओलांडेपर्यंत सगळे ठीक. भोमला पावसाने झोडपायला सुरुवात केली. हेडलाइट, वायपर, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, सगळे चालू. कुंडईच्या पुढे वायपर हळू झाला. काचेच्या मध्यापर्यंत यायचा, विचार करायचा, मग उरलेले अर्धे अंतर कापायचा. मंगेशीच्या अलीकडे हेडलाइट पिवळे, मग तांबूस झाले. इंजिनने दोन गचके दिले आणि सगळे विझले. हॉर्नसुद्धा वाजेना. गाडी उतारावर होती म्हणून तेवढी कडेला घेता आली.

असे पुन्हा कधी झालेच तर ब्लोअर, रेडिओ, मोबाइलचा चार्जर आधी बंद करायचा आणि इंजिन बंद करायचे नाही, हे मला आता माहीत आहे. त्या रात्री मी नेमके उलटे केले: सगळे चालूच ठेवले, आणि उरलीसुरली धुगधुगी संपवली.

एक जीपवाला देवासारखा थांबला. टोचन करून फोंड्यापर्यंत ओढतो म्हणाला. पण या गाडीच्या पुढच्या भागाला हूक लावायचा तर तो चॅसिसलाच लागला पाहिजे, फायबरमध्ये अडकवला तर बंपर हातात येतो, आणि त्या अंधारात खाली लोळून जागा शोधायची कुणाचीच तयारी नव्हती. शेवटी सपाट पाठीचा ट्रक बोलावला. रविवारची रात्र, वर पाऊस: २,२०० रुपये. दीड तास मी छत्रीखाली आणि गाडी हेझर्डशिवाय, म्हणजे धोक्याच्या मिचमिचत्या दिव्यांशिवाय. हेझर्डलाही वीज लागते, हे अशा वेळीच कळते.

नवी बॅटरी पाच दिवसांत कशी संपली, याचा हिशोब मी नंतर कागदावर मांडला. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे साधारण ९ अँपिअर. त्यावर वायपर, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, पेट्रोलपंप आणि इग्निशन. सगळे मिळून ३० अँपिअरच्या आसपास सहज जाते. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारे यंत्र, गॅरेजवाल्यांचा डायनामो) काहीच देत नसेल, तर ३५ अँपिअर-अवरची पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा पावसाळी रात्री तासभर टिकली तर पुष्कळ. मी आठवडाभर निव्वळ बॅटरीवर गाडी चालवत होते. टाकीत पाणी यायचे बंद झालेय आणि आपण नळ सोडून बसलोय, तसे.

सोमवारी सकाळी घराजवळच्या गॅरेजमधला मुलगा आला. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून त्याने इंजिन सुरू केले आणि पाना घेऊन बॅटरीचे टर्मिनल सोडवायला लागला. “टर्मिनल काढल्यावर इंजिन बंद पडले तर डायनामो खराब, मॅडम.” त्याचा हात मी धरलाच. डिझेल जीपच्या जमान्यातली ही परीक्षा इंजेक्शनच्या गाडीवर करायची नसते. चालू इंजिनावर बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोड, रेग्युलेटर, प्रसंगी इंजिनचा कॉम्प्युटरही जातो. अल्टरनेटर मिळेल हो कुठेतरी, या गाडीचा कॉम्प्युटर कुठून आणू?

त्यापेक्षा ४५० रुपयांचा मल्टिमीटर घ्या. मी त्याच दिवशी घेतला. बॅटरीच्या दोन टोकांना लावायचा: इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन चालू केले की आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान जायला हवा. माझा इंजिन चालू असताना ११.९ होता, आणि बघता बघता ११.८ झाला.

१७ जूनला गाडी आमच्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. साठीचे गृहस्थ, माडाखाली पत्र्याची शेड, त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी बॉनेट उघडलेच नाही. आधी आत बसले, इंजिन सुरू न करता नुसती चावी दिली आणि मला विचारले, “बाय, दिवो खंय आसा?” बाई, दिवा कुठे आहे?

बॅटरीचा तांबडा दिवा. चावी दिल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. माझ्या गाडीत तो लागतच नव्हता, आणि कधीपासून लागत नव्हता हे मला सांगता येईना. दिवा दिसत नाही म्हणजे सगळे आलबेल, अशी माझी समजूत. बल्बच उडालेला होता. तो नुसता इशाऱ्याचा दिवाही नव्हे. अशा जुन्या अल्टरनेटरमध्ये सुरुवातीचा चिमूटभर करंट त्या बल्बमधूनच जातो आणि आतले चुंबक जागे होते. बल्ब दहा रुपयांचा. तो बदलला, दिवा लागला, इंजिन सुरू केले, आणि दिवा विझेना.

“डायनामो गेलो,” मामा म्हणाले. त्यांच्या पिढीला अल्टरनेटर हा शब्द मान्य नाही.

काढायलाच दोन तास लागले, कारण खालचा बोल्ट गंजून आपल्या भोकात चिकटला होता. बाकावर उघडल्यावर मात्र मी ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आत काय झालेय ते स्वतः बघितल्याशिवाय जाववेना. मागच्या बाजूला व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आणि त्यातच बसवलेले दोन कार्बन. एक झिजून नखाएवढा उरलेला, दुसरा काळ्या भुकटीत रुतून बसलेला, त्याची स्प्रिंग दाबली तरी हलेना. हे कार्बन ज्या तांब्याच्या दोन कड्यांवर घासतात त्या स्लिप रिंग. त्यांच्यावर नखाला लागेल एवढी खाच पडली होती. बेअरिंग हातात धरून फिरवले तर भाजणीच्या पिठात खडा यावा तसे करकरले. मामांनी रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, दोन कड्यांवर मीटर लावला: ३.१ ओहम, आणि शाफ्टशी कुठे संबंध नाही. “हो बरो आसा.” वाइंडिंग जळलेले नव्हते. डायोड प्लेटवरचा एक डायोड मात्र दोन्ही बाजूंनी वीज सोडत होता. तो एकाच बाजूने सोडण्यासाठी असतो.

आता सामान. नवा अल्टरनेटर भारतात कुठे मिळेना. परदेशातल्या एका दुकानाचा भाव, कुरिअर आणि कस्टम धरून आकडा ३० हजारांच्या वर गेला, आणि पोचायला किती दिवस लागतील ते सांगायला कुणी तयार नाही. दुसऱ्या एका गॅरेजने मारुतीचा अल्टरनेटर ब्रॅकेट वेल्ड करून बसवतो म्हटले. आठ हजारांत, दोन दिवसांत. मोह झाला. पण पुली एका रेषेत नाही आली तर बेल्ट खात राहतो, आणि आरटीओच्या तपासणीआधी इंजिनाजवळ वेल्डिंगचा घाट मला नको वाटला. मामांचे म्हणणे सरळ होते: खोके फ्रान्सचे असले तरी आतले बेअरिंग जगभर एकच. खरेच. पुढच्या बेअरिंगवर ६३०३ कोरलेले होते, म्हणजे १७ मिलिमीटरचे भोक, ४७ चा बाहेरचा व्यास, १४ रुंदी. मडगावात हातोहात मिळाले. दोन्ही बेअरिंग मिळून ५२० रुपये. दुकानात गाडीचे नाव सांगत बसू नका, ‘ही गाडी कोणती?’ यातच अर्धा तास जातो. नंबर सांगा. बेल्टचेही तसेच: ५पीके लिहिले असेल तर ५ म्हणजे धारा, आणि पुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. बेल्ट ४८० रुपये.

स्लिप रिंग लेथवर हलकेच घासून घ्यायच्या होत्या. मडगावचा लेथवाला २३ जूनला म्हणाला उद्या या. उद्या म्हणजे २४, सांजांव, गोव्यात विहिरींत उड्या मारायचा सण. दुकान बंद, मालक कुणाच्या तरी विहिरीत. २६ ला काम झाले, ३०० रुपये. डायोड प्लेट मामांच्या ओळखीने बेळगावहून आली, १,२०० ला. अडले ते रेग्युलेटरपाशी. माझा मावसभाऊ पुण्यात असतो. त्याला जुन्याचे चारही बाजूंनी फोटो पाठवले, शेजारी पट्टी ठेवून, स्क्रूच्या भोकांमधले अंतर लिहून. तो दोन शनिवार नाना पेठेत हिंडला. पहिल्या खेपेला हुबेहूब दिसणारा आणला तो २४ व्होल्टचा, ट्रकचा निघाला. नशीब, त्याने पैसे द्यायच्या आधी फोटो पाठवला. दुसऱ्या खेपेला बरोबर मिळाला: १,६५० रुपये, आणि रात्रीच्या बसने पार्सलचे १५०. १ जुलैला पहाटे पाचला मी फोंड्याच्या स्टँडवर पावसात उभी होते. बस सात वाजता आली.

२ जुलैला सगळे जुळून गाडीत बसले. दिवा लागला, इंजिन सुरू, दिवा विझला. मी टाळी वाजवायचीच बाकी होते. मीटर लावला: १३.६. ठीक आहे म्हटले. हेडलाइट आणि ब्लोअर चालू केला तर १३.०.

मामांनी डोके खाजवले. काढायचा-घालायचा दीड हजार मोबदला घ्यायलाही तयार होईनात. “चार तारखेक हांव पंढरपुरा वता. आठाक येतलों. मागीर पळोवया.” म्हणजे चारला पंढरपूरला जाणार, आठला परत, मग बघू. आषाढी ६ जुलैला होती. माझी नोंदणी १९ ला संपत होती. पीयूसी तर २० जूनलाच संपले होते, म्हणजे ते आधी करायचे. विठोबाला मी काय बोलणार? घरी येऊन चिडचिड केली ती नवऱ्यावर.

एकादशीला सुट्टी होती. साबुदाण्याची खिचडी खाऊन मीटर घेतला आणि शेडवर गेले. शेड बंद, पण गाडी बाहेर ताडपत्रीखाली होती आणि चावी माझ्याकडे. इंजिन सुरू केले, दिवे आणि ब्लोअर लावला आणि मीटर आधी अल्टरनेटरवरच धरला, एक टोक मागच्या जाड वायरीच्या बोल्टला, एक त्याच्या अंगाला. १४.३! म्हणजे अल्टरनेटर त्याचे काम चोख करत होता. बॅटरीपर्यंत पोचत होते १३.०. मधले १.३ व्होल्ट कोण खातेय?

मग लाल टोक अल्टरनेटरच्या बोल्टला आणि काळे बॅटरीच्या प्लसला. ०.२. ते चालण्यासारखे. मग एक टोक अल्टरनेटरच्या अंगाला आणि दुसरे बॅटरीच्या मायनसला. १.१. तिथेही खरे तर ०.२ च्या आत यायला हवे.

गडबड अर्थिंगमध्ये होती. पत्र्याच्या गाडीत अख्खी बॉडीच मायनसची तार असते, करंट कुठून ना कुठून परत येतो. फायबरमधून वीज जात नाही. या गाडीत परतीचा रस्ता म्हणजे मोजक्या वायरी आणि खालची लोखंडी चॅसिस. इंजिनावरून चॅसिसवर येणारी विणलेली तांब्याची पट्टी शोधायला मी टॉर्च घेऊन ओल्या जमिनीवर आडवी झाले. वरून ती धड दिसत होती. बोटाने दाबली तर आतून हिरवी भुकटी गळली आणि अर्धे धागे सुटून हातात आले. पंचवीस पावसाळे आणि गोव्याची खारी हवा. तिच्यातून सत्तर अँपिअरच्या यंत्राचा सगळा करंट परत जायचा होता.

मला त्या क्षणी आनंद झाला हे खरे, पण सोबत दुसरेही वाटले. अशी पट्टी अल्टरनेटरलाही नीट काम करू देत नाही आणि सेल्फलाही नाही. ८ जूननंतरच्या त्या सकाळी कण्हलेला सेल्फ किती बॅटरीमुळे आणि किती पट्टीमुळे, ते आता कळायचा मार्ग नाही.

९ तारखेला मामा बुक्का लावूनच हजर. मी पट्टी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट केली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. २५ चौरस मिलिमीटरच्या जाड केबलचे दोन तुकडे, टोकांना दाबून बसवलेले लग, चॅसिसवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करून बोल्ट, वर ग्रीस: ६५० रुपये. सगळे दिवे लावून मीटर १४.१. मामांना मजुरीचे दीड हजार घ्यायला लावले. पट्टीचा शोध मी लावला म्हणून त्यांनी चहा पाजला. प्रसादाचे चुरमुरे आधीच दिले होते.

एकूण खर्च १३,३६० रुपये, मीटर वेगळा. त्यातली बॅटरी वजा केली तर ८,६६०.

१० जुलैला शेडवरून थेट पीयूसी केंद्रात. ११ ला परिवहनच्या पोर्टलवर फॉर्म २५ भरला आणि ५,००० रुपये शुल्क. हे शुल्क एप्रिल २०२२ पासूनचे, त्याआधी ६०० होते. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, वीस वर्षांवरच्या मोटारींना ते १०,००० झाले. माझी गाडी पंचवीसची. मुदत उलटली असती तर वर महिन्याला ५०० दंड.

१४ तारखेला, सोमवारी, गाडी घेऊन कार्यालयात. आरसी, विमा, पीयूसी, फॉर्मची प्रत. विमा बघताना त्यावरचा चॅसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या. माझ्या पुढच्या माणसाला एका चुकलेल्या अंकासाठी परत पाठवले. चॅसिसवर कोरलेला नंबरही आदल्या संध्याकाळी रॉकेलच्या फडक्याने पुसून ठेवावा. निरीक्षक पावसात वाकून बघतात, गंजाखाली नंबर दिसला नाही तर उद्या या म्हणतात, आणि त्यात त्यांचे काय चुकले? हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, हॉर्न, वायपर. वायपरला मी श्वास रोखून पाहत होते. तो पूर्ण काचभर फिरला, विचार न करता. निरीक्षकांनी हूडला टिचकी मारली, “ही कंपनी अजून आहे?” विचारले आणि सही केली. तीन तास रांग, सात मिनिटे तपासणी.

नवे आरसी कार्ड २८ जुलैला आले. मुदत जुलै २०३०.

आता सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा छोटा व्होल्टमीटर कायमचा लावलाय. परवा पुन्हा पावसात मंगेशीवरून आले. आकडा १४.१, दिवे पांढरेशुभ्र. हूड मात्र डावीकडून गळते आणि पाणी नेमके शेजारच्या सीटवर पडते. शेजारी सासूबाई होत्या. छत्री उघडून बसल्या.